एका बाटलीचं अंतर

गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज काढायची आमच्या गॅरेजातली रीत साधी होती. टाकीची नळी काढून टाकायची. एक लिटर पेट्रोलची काचेची बाटली पुढच्या काचेच्या कडेला उलटी बांधायची, तिची रबरी नळी बॉनेटमधून कार्बोरेटरला जोडायची आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची. तोवर किलोमीटरचे किती दगड मागं गेले ते मोजायचं. मालक काहीही सांगू दे, मीटर काहीही दाखवू दे, बाटली खोटं बोलत नाही, असं बाबा म्हणायचे. दगड मोजायचं काम माझ्याकडं होतं. मी कुणाची भीड धरत नाही हे उद्यमनगरात सगळ्यांना ठाऊक होतं.

भीड न धरायला मी पत्रकांवर शिकले. माझे मामा छापखान्यात खिळे जुळवायचे. वाया गेलेली पत्रकं ते घरी आणत. कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. धड्यांच्या आधी मला ‘जाहीर आवाहन’ वाचता येत होतं. कॉलेजात गेल्यावर मीच पत्रकं लिहू लागले. पेट्रोलचे भाव भडकले त्या वर्षी मी लिहिलं, ‘पेट्रोल कुणासाठी?’ बायका रॉकेलच्या रांगेत उभ्या असताना एका माणसाच्या मिजाशीसाठी आठ सिलिंडर का धडधडावेत, असा माझा सवाल होता. मामांनी ते फुकट छापून दिलं आणि मी स्टँडवर वाटलं.

त्यातलंच एक पत्रक मुरगूडच्या एका गाडीवाल्याच्या हाती लागलं. त्याच्याकडं जुनी अमेरिकन गाडी होती. कुठल्या तरी सरदारांच्या लिलावातून घेतलेली, आठ सिलिंडरची, म्हशीच्या गोठ्याएवढी लांब. लग्नसराईत नवरदेवाची गाडी म्हणून ती राधानगरीपर्यंत जायची. त्याचं घर तिच्यावर चालायचं. पेट्रोल महागल्यावर त्यानं आणखी एक बातमी ऐकली होती. लोक अशा गाड्यांचं इंजिन उतरवून टेम्पोचं डिझेल इंजिन बसवत होते.

तो गॅरेजात आला तो पत्रकाची घडी हातात घेऊनच.

“मिस्त्री, हे तुमच्या ताईसायबांनी लिवलंय न्हवं? मी दोनदा वाचलं. मिजास ती माझीच की वो.”

“ती काय बी लिवती,” बाबा म्हणाले. “पावणं, तुमची गाडी दोन टनाची हाय. तिला टेम्पोचं इंजिन म्हंजे बैलगाडीला शेरडू जुंपायचं.”

“पण शेरडू खातंय थोडं.”

त्यावर सगळे हसले. मीही हसले. त्या रात्रीच्या जेवणावर मात्र आमचं वाजलं. बाबांचं म्हणणं मला शब्दन्‌शब्द आठवतं.

“इंजिनात एवढे घोडे कशाला, म्हणतीस? सपाटीला लागतच न्हाईत. चढाला लागत्यात, भरल्या गाडीला लागत्यात, शेवटच्या वळणाला लागत्यात. बाकीचा वेळ ते नुसतं खात्यात. खाऊ द्यायला लागतं.”

“लोकांनी रांगेत उभं राहायचं आणि घोड्यांनी खायचं?”

बाबा ताटातला भात कालवत राहिले.

शेवटी ठरलं ते बाटलीवर ठरलं. गाडीवालाच म्हणाला, “बाटलीला पाच किलोमीटर पडलं तर इंजिन ऱ्हायलं. पाचाच्या खाली आलं तर काढा. मग माझं काय म्हणणं न्हाय.”

सकाळी आम्ही कागलच्या रस्त्याला लागलो. बाबा चालवत होते, मी बाटलीजवळ बसले होते आणि गाडीवाला मागच्या सीटवर. स्वतःच्या गाडीत तो पहिल्यांदाच मागं बसला होता. “लई लांब हाय की वो हितनं,” तो म्हणाला. नवरदेवाच्या जागी बसून तो लाजल्यासारखा दोन्ही हात मांडीवर ठेवून होता. बाबांनी गाडी अशी नेली, की चढावरही इंजिनाचा आवाज वाढला नाही. त्या गाडीत घाई नव्हतीच. पायाखाली काहीतरी मोठं आणि शांत चालू आहे, एवढंच जाणवायचं. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून रागही आला.

दुसऱ्या दगडापुढं उतार लागला. बाबांचा हात स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यावर गेला. अगदी हळू, खाज सुटल्यासारखा. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि गाडी नुसत्या वजनानं घरंगळू लागली. मी गॅरेजात वाढलेली मुलगी. मला कळायला वेळ लागला नाही.

“बाबा, गाडी न्यूट्रलला आहे.”

ते समोर बघत राहिले. “उताराला सगळेच टाकत्यात.”

“आपण नाही टाकत. बाटली लावल्यावर गिअरमध्येच चालवायची, हे तुम्हीच ठरवलंय.”

तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. काहीतरी मागावं तसं पाहिलं. मला ते मागणं समजलं होतं, हे मी इथं लिहून ठेवते. समजूनही मी बाटलीवरची नजर हलवली नाही.

मागून आवाज आला, “ताईंचं बरोबर हाय, मिस्त्री. खोटं नको. पुन्हा लावा.”

जिथून निघालो होतो त्या दगडापाशी परत आलो, बाटली पुन्हा गळ्यापर्यंत भरली आणि पुन्हा निघालो. या खेपेला बाबांनी दांड्याला हातसुद्धा लावला नाही. चौथा दगड गेला. बाटलीत बुडबुडे आले, गाडीनं दोन गचके दिले आणि ती उभी राहिली. पाचवा दगड समोर दिसत होता, पांढरा, नुकता रंगवलेला. बाबा खाली उतरून त्याच्याकडं चालत गेले. मी पावलं मोजली. दोनशेच्या आत होती.

सायकलीला दुधाच्या किटल्या लावलेला एक म्हातारा थांबला. “काय पावणं, हत्ती बसला व्हय?”

“त्याला पाणी पाजायचं ऱ्हायलं,” गाडीवाला म्हणाला. मग हळूच मला म्हणाला, “ताई, ढकलू या का जरा?” आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच हसला. “न्हाय न्हाय. चेष्टा केली.”

पुढच्या आठवड्यात इंजिन उतरलं. नवं बसेना, म्हणून जुनं इंजिन ज्यांवर बसायचं ते चेसीवरचे पाय बाबांनी गॅसनं कापले. कापताना ते काळ्या चष्म्याआड होते. एकदा कापलं की मागं फिरता येत नाही, हे मला तेव्हाच दिसलं. पण हिशेब माझ्या बाजूनं होता. डिझेलवर गाडी बाराच्या वर गेली. गाडीवाल्यानं मला पेढा दिला.

त्याच लग्नसराईत राधानगरीकडच्या एका चढावर गाडी थांबली. आत नवरा-नवरी, करवल्या, मागं ट्रंका. इंजिन थरथरलं, त्यानं काळा धूर ओकला आणि गाडी चढेना. वऱ्हाडानं खाली उतरून ढकललं. नवरदेवालाही उतरावं लागलं, मुंडावळ्या बांधलेल्या तशाच. गावोगाव ती गोष्ट पोचली. गाडी दारात आली की पोरं विचारायची, “ढकलायला किती माणसं लागतील?” पुढच्या सराईत त्या गाडीला कुणी बोलावलं नाही.

गाडीवाला पुन्हा आला तेव्हा चालत आला. गाडी बेळगावच्या एकाला द्यायची ठरली होती. त्याला फक्त पत्रा आणि सीटा हव्या होत्या. जुनं इंजिन आमच्याकडं कोपऱ्यात दोन लाकडी ओंडक्यांवर होतं. बाबा दर सोमवारी त्यात तेलाचे थेंब सोडून ते हातानं फिरवत, गंजून जाम होऊ नये म्हणून.

“परत बसवता न्हाय येणार, व्हय?” त्यानं विचारलं.

“पाय कापल्यात,” बाबा म्हणाले.

मला वाटलं, तो माझ्याकडं बघेल, काहीतरी टाकून बोलेल. मी ते ऐकायला तयार होऊन उभी होते. तो म्हणाला, “ताईंचं चुकलं न्हाय, मिस्त्री. मोजलं ते खरंच मोजलं.” त्याऐवजी त्यानं शिवी दिली असती तर मला तिला उत्तर देता आलं असतं.

मग इंजिनावर हात ठेवून तो म्हणाला, “एकदा वाजवून दावा की.”

बाबांनी बॅटरी आणली, पाण्याच्या पिंपातून होज जोडला. मग फळीवरून तीच काचेची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती गळ्यापर्यंत भरली. रॉकेलची रांग, बायका, माझं पत्रक, सगळं मला आठवत होतं, आणि तरीही मी एक थेंब न सांडता भरली.

इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. ओंडके थोडे हलले, मग स्थिर झाले. तोच मोठा, शांत आवाज. गाडीवाला उकिडवा बसून ऐकत राहिला. बाबांनी त्याच्या शेजारी जाऊन बैठक मारली. मी बाटली धरून उभी होते, सवयीनं आतल्या पातळीकडं बघत. पेट्रोल खाली जात होतं आणि मोजायला एकही दगड नव्हता.

बुडबुडे आले. दोन गचके. मग उद्यमनगरातल्या लेथांचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

“आणखी भरू?” मी विचारलं.

त्यानं मान हलवली. नको.