डोळा स्थिर होईना तेव्हा

भूकंपात नवरा आणि सात वर्षांची लेक गेली, त्यानंतर मी तुळजाभवानीशी बोलणं सोडलं. औशाकडचं गाव सोडून लातूरला आले आणि क्लाससाठी आलेल्या मुलींचे डबे करू लागले. बघता बघता गल्लीगल्लीत होस्टेलं उभी राहिली. माझ्या हातचं खाऊन कितीतरी मुली डॉक्टर झाल्या. निकालाचा पेढा देऊन त्या जायच्या, जूनमध्ये नव्या यायच्या. डबे गेले की घरात मात्र बोलायला कुणी नसे.

साखरेचा आजार जुना. उजव्या डोळ्यानं दिसणं बंदच झालं होतं. एक दिवस डाव्यापुढेही काळे धागे तरंगू लागले. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरतंय, लेझर करावं लागेल. नांदेडला नवं यंत्र आलंय, त्यात रोबोटचा हात लेझर धरतो. "सोबत कुणाला तरी न्या," ते म्हणाले. मी मान हलवली आणि एकटीच एसटीत बसले.

तिथं नर्सनं डोळ्यात थेंब घातले आणि कागद पुढं केला. "नातेवाइकाची सही लागते मावशी. सोबत कोण हाय?" सोबत कुणीच नव्हतं. इतक्या वर्षांत एवढी लाज कधी वाटली नव्हती. तेवढ्यात शेजारच्या बाकावरून आवाज आला, "आणा इकडं, मी करते. मी शमीम, मुदखेडची. अम्मीला दाखवायला आले, तिचा नंबर लई लांब हाय." नात्याच्या रकान्यात तिनं मोठ्यानं म्हणत लिहिलं, "बहीण." थेंबांमुळे तिचा चेहरा मला धूसरच दिसला.

आत हनुवटी टेकवून कपाळाला पट्टा बांधला. यंत्र घरघरलं, खुर्ची किंचित थरथरली, आणि मी थेट भूकंपाच्या त्या पहाटेत जाऊन पडले. भिंत, दगड, लेकीची हाक. डोळा जागेवर राहीना. डोळा फार हलला की ते यंत्र आपोआप थांबतं. तीनदा थांबलं.

"मावशी, थोडं हललं तर हे सांभाळून घेतं, एवढं न्हाई जमत," डॉक्टर म्हणाले. "आज राहिलं आन् आणखी रक्त उतरलं, तर नजर वाचंल असं मी सांगू शकत न्हाई."

मग इतक्या वर्षांनी मनातल्या मनात शब्द फुटले. आई, माझ्याच्यानं होत न्हाई गं. आता तूच धर.

दार वाजलं. माझ्या थंड पडलेल्या पावलांवर कुणाचा तरी ऊबदार हात आला. "मी हाय आपा. भिऊ नका." शमीम होती. पावलं धरून ती हळू आवाजात तिची दुआ म्हणत राहिली. माझा श्वास संथ झाला. हिरव्या ठिणग्या डोळ्यापुढं येत गेल्या, एकामागून एक, आणि यंत्र पुन्हा थांबलं नाही.

नंतर नर्सनं सांगितलं, डॉक्टरांनीच "बाहेर बहीण असेल, तिला बोलवा" म्हणून निरोप दिला होता. मी बाहेर आले तोवर शमीम अम्मीला घेऊन दुसऱ्या खोलीत गेली होती. माझी नजर निवळेपर्यंत त्या दोघी मुदखेडला निघूनही गेल्या. तिचा चेहरा मी आजवर पाहिलेला नाही.

डाव्या डोळ्याची नजर टिकली. त्या दिवशी मला देवीनं धरलं की शमीमनं, हे वेगळं काढायला मी बसत नाही. इतकी वर्षं मीच स्वतःला आवळून धरलं होतं, दुसऱ्या कुणाच्या हाताला जागाच ठेवली नव्हती. हात सैल सोडायला मला एवढं आयुष्य लागलं.

घर अजून रिकामंच आहे. पण डबे गेले की मी देवीपुढं बसते आणि तिला दिवसभराचं सांगते. लेकीचं नावही घेते. रडू येतं, तेही येऊ देते.