आपल्यातल्याच कुणाचा तरी अभिप्राय

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक काकांचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते आणि फोन मानेत धरला होता. असा फोन धरू नका म्हणून लोकांना दिवसभर ओरडणारी मी.

"हे बघ," काका म्हणाले, "जाहिरात छापू की. पण सोबत एखादा अभिप्राय दे. आपल्यातल्याच कुणाचा तरी. नावानिशी, फोटोसकट. अंक घराघरांत पडलेला असतो, मुलंबाळं चाळतात. आपल्या माणसाचं नाव दिसलं की मग कुणाला संकोच वाटत नाही."

"काका, पोळीभाजीच्या जाहिरातीला मागता का अभिप्राय?"

"अगं, पोळीभाजीचं वेगळं."

वेगळं म्हणजे काय वेगळं, हे मला चांगलं माहीत होतं. मी मसाज थेरपिस्ट. पुण्यात मायक्रोबायॉलॉजी शिकले, लग्न करून अमेरिकेत पार्सिपनीला आले, डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही म्हणून काही वर्षं घरात बसून भिंतींशी बोलले आणि ग्रीन कार्ड आल्यावर मसाजच्या शाळेत नाव घातलं. बाळंतपणानंतर माझीच कंबर धरली होती आणि इथल्याच एका मसाजवाल्या बाईंनी ती सोडवली होती, म्हणून. हाडं, स्नायू, नसा सगळं घोकलं, परीक्षा दिली, एका डेंटिस्टच्या दवाखान्यावरची खोली भाड्याने घेतली. मेणबत्त्या नाहीत, गुलाबाच्या पाकळ्या नाहीत. भिंतीवर स्नायूंचा तक्ता आणि दारासमोर माझं सर्टिफिकेट. तरी आमच्या लोकांत मसाज म्हटलं की पुरुष मंडळी खाली बघून हसणार आणि बायका विषय बदलणार. बाळाला आणि बाळंतिणीला सव्वा महिना तेल लावून रगडलेलं चालतं, तेव्हा कुणाच्या अब्रूला धक्का लागत नाही. कॉम्प्युटरसमोर बसून वाकडी झालेली मान मी सरळ केली की मात्र लागतो!

त्याआधी एक जाहिरात केली होती, ग्रोसरीच्या दुकानात फुकट मिळणाऱ्या पेपरात. नवऱ्याने ती पॉवरपॉइंटवर बसवून दिली आणि कोपऱ्यात कमळ घातलं. "कमळ असलं की जरा स्पिरिच्युअल वाटतं गं." मी म्हटलं, "मला स्पिरिच्युअल नकोय, मला दुखऱ्या पाठी हव्यात." कमळ राहिलंच. त्यावर जे फोन आले ते सांगण्यासारखे नाहीत. एकाने विचारलं, तुम्ही एकट्याच असता का. मी त्याला मराठीत जे काही सुनावलं त्यातला शब्दही त्याला कळला नसेल, पण सूर कळला असावा. त्याने फोन आपटला.

म्हणून मला दिवाळी अंक हवा होता. घरातला, पाटावर ठेवायचा, सभ्य अंक. त्यात माझी जाहिरात फराळाच्या आणि भरतनाट्यमच्या क्लासच्या शेजारी आली असती तर माझं काम आमच्या लोकांत एकदाचं उजळ माथ्याने वावरलं असतं. त्यासाठी एक नाव हवं होतं. फक्त एक.

आणि नावं नव्हती असं नाही हो! माझ्याकडे आपले लोक येत होते, चांगले नेमाने येत होते. फक्त गाडी आमच्या दारात न लावता पलीकडच्या बँकेमागे लावायचे. टेबलावर पडले की "वा, काय हात आहे तुमचा", आणि शनिवारी ग्रोसरीत दिसले की भेंडी निवडण्यात असे गुंग, की मान म्हणून वर होत नसे. जी मान मीच सैल केलेली.

मी एकेकाला विचारायला लागले. एक इंजिनिअर म्हणाला, "यार, माझं व्हिसा ट्रान्सफर चाललंय, आत्ता कुठे नाव नको." व्हिसाचा आणि मानेचा काय संबंध, देव जाणे. पिस्कॅटवेला पीएचडी करणारा एकजण म्हणाला, आईबाबा अंक वाचतात. एक काकू तर कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं, ह्यांना वाटतं मी योगाला येते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माझ्याकडे येणं हे योगाच्या आड लपवायचं काम!

घरी येऊन मी भांडी आपटत होते, तेव्हा माझी मैत्रीण बसली होती. इथे आल्यापासूनची मैत्रीण, आमच्याच कॉम्प्लेक्समधली. तिचा उजवा खांदा आदल्या वर्षी असा धरला होता, की तिला ब्लाउजची बटणं लावता येत नव्हती. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट तेवढं बिघडलं. मग ती माझ्याकडे यायला लागली आणि हळूहळू हात सुटला. ती म्हणाली, "काय लोकांच्या दारात फिरतेस? माझं नाव घाल. माझा फोटो घाल. बघू कोण काय म्हणतं ते."

मला इतका आनंद झाला, की मी तिला साबणाच्या हातांनी मिठी मारली.

शनिवारी नवऱ्याने तिचा फोटो काढला. हातमागाचा कुडता घालून आली होती, लिपस्टिक लावून. चार ओळी तिने स्वतः लिहिल्या, छान मराठीत. मी जाहिरात काकांना ईमेल केली. काका म्हणाले, "वा, आता कसं!"

तीन-चार दिवसांनी दुपारी तिचा फोन आला, ऑफिसच्या पार्किंगमधून.

"ऐक ना. ते माझं नाव काढशील का?"

"का?"

"अगं, अंक ठाण्याला सासरी जातो. नणंदेचं लग्न ठरतंय. मुलाकडचे नातेवाईक इथे एडिसनला आहेत, ते वाचणार. सासूबाई म्हणाल्या, उगाच विषय कशाला?"

"कसला विषय? तुझा खांदा बरा झाला हा विषय?"

"तुला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

"नाही कळत! तू माझ्या पोटावर पाय देते आहेस, एवढंच कळतंय."

ती रडायला लागली. मग म्हणाली, "नावाशिवाय छाप ना. 'एक समाधानी गृहिणी' असं."

"गृहिणी? अगं, डेटाबेस सांभाळतेस तू एवढ्या मोठ्या कंपनीचा!"

मी फोन ठेवला. काकांना कळवलं, अभिप्राय रद्द. त्यांनी दोन दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे शाळेची बस चालवणाऱ्या एक गोऱ्या बाई आल्या. त्यांची कंबर मी दोन वर्षं सांभाळत होते. माझे हात त्या दिवशी जरा जोरात चालले असावेत, कारण त्या पालथ्या पडल्या पडल्या म्हणाल्या, आज काय झालंय तुला? मी सगळं सांगितलं. त्यांना अर्धं समजलं नाही. नाव द्यायला लोक घाबरतात म्हणजे काय, हे तर अजिबातच नाही. त्या म्हणाल्या, "घाल की माझं नाव. मोठ्या अक्षरात घाल."

बुडत्याला काडीचा आधार. मी त्यांचा फोटो पाठवला. वाटलं, काका म्हणणार, आपल्यातल्या नाहीत, अटीत बसत नाही. काका म्हणाले, "अरे वा! अमेरिकन क्लायंट! आधी नाही का सांगायचं?"

अंक निघाला आणि फोन सुरू झाले. "त्या अमेरिकन लेडी येतात त्या तुमच्याकडेच ना?" "म्हणजे सगळे अमेरिकनच येतात का हो तुमच्याकडे?" आवाजात केवढा आदर! त्या बाई काय करतात हे एकानेही विचारलं नाही. कुणाला वाटलं त्या प्रोफेसर असाव्यात. पुढच्या दोन आठवड्यांत माझी वही भरली. लोक गाड्याही पुढच्या दारात लावायला लागले. नवरा म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?" मी म्हटलं, "डोंबल माझ्या मनासारखं." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण आपलंच पीक गोऱ्या हाताने दाखवल्यावर घेणाऱ्यांना काय म्हणायचं?

मैत्रिणीशी मी बोलत नव्हते असं नाही. ती ठरल्या वेळेला येत होती, मी खांदा बघत होते, आम्ही हवापाण्यावर बोलत होतो.

मंडळाचा दिवाळीचा फराळ शाळेच्या हॉलमध्ये होता. वाढायला मैत्रीण होती. माझ्या शेजारी सांता क्लाराहून नुकतीच बदलून आलेली एक मुलगी बसली होती, मान एका बाजूला धरून. मैत्रिणीने तिला विचारलं, "दुखतीये का मान?" आणि मग माझ्याकडे हात करून, अगदी कौतुकाने, "हिला दाखव. अमेरिकन लोक जातात हिच्याकडे. काय नाव आहे हिचं!"

ती मुलगी म्हणाली, "हो का? तुम्ही गेलाय का कधी, काकू?"

मैत्रिणीच्या मागेच तिच्या सासूबाई चहा घेत होत्या, ठाण्याहून आलेल्या.

"छे गं," मैत्रीण म्हणाली. "मला कधी गरजच पडली नाही."

त्या मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिने माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे आपल्यापैकी कुणीच येत नाही?"

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. आपल्याकडे कोण येतं हे आपण कुणाला सांगायचं नाही, कितीही जिवावर आलं तरी. शिवाय सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या.

"येतात की पुष्कळ," मी मैत्रिणीकडे बघत म्हणाले. "ह्या मात्र कधी आल्या नाहीत."

सासूबाईंनी मान डोलावली.  मैत्रिणीने ताटातली एक जादा करंजी उचलून माझ्या पुढ्यात ठेवली. मला इतका संताप आला, की तिथेच, सगळ्यांसमोर, डोळ्यांत पाणी आलं.