बंदराच्या गावातला रविवार

शुक्रवारी संध्याकाळी ट्रायलचे शेवटचे काही पार्ट मापाबाहेर गेले. आमच्या इटालियन यजमानानं ते हातात फिरवून पाहिले, खोक्यात परत ठेवले आणि सांगितलं की आता सोमवारी बघू, शनिवार-रविवार कारखाना बंद असतो. मग म्हणाला, रविवारी मी तुम्हाला समुद्रकाठचं एक जुनं गाव दाखवतो.

आम्ही दोघं चाकणहून गेलो होतो. आमच्या कंपनीनं इटलीत एक मोठं मशीन बनवायला दिलं होतं. ते जहाजावर चढण्याआधी आमच्यासमोर चालवून बघायचं आणि पास करायचं, एवढंच आमचं काम. मी क्वालिटीचा, राहणारा आकुर्डीचा. माझा जोडीदार मेंटेनन्सचा, कुरुळीचा, वयानं आणि नोकरीनं माझ्याहून मोठा. यजमान म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याचं इंग्रजी तुटकं होतं, आमचंही फार धड नव्हतं.

हॉटेलवर आल्या आल्या जोडीदारानं बूट काढता काढता विषय काढला.

"आठवडाभर कॉफीशिवाय काय पाजलं न्हाई ह्यानं. पार्ट गेले आणि लगेच समुद्र? दाल में काला हाय राव."

मी म्हटलं, अहो, सुट्टीचा दिवस आहे, माणुसकी म्हणून नेत असेल. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं. आपण समुद्र बघत बसलो की मागं हे लोक मशीन उघडणार, दुखणं झाकणार आणि सोमवारी चार चांगले पार्ट काढून दाखवणार. मशीन चाकणला पोचल्यावर दुखणं वर येईल, तेव्हा लाइन थांबेल आणि मान आमची अडकेल. नाही म्हणायला कारणही नव्हतं. बंद कारखान्याच्या फाटकावर जाऊन थोडंच बसता येतं?

रविवारी सकाळी तो गाडी घेऊन आला. डोंगरातले बोगदे पार करत उतरलो आणि खाली एकदम समुद्र आला. गाव म्हणजे बंदराला चिकटून उभ्या राहिलेल्या उंच अरुंद घरांची रांग, पिवळी, गुलाबी, विटकरी. पाण्यात कोळ्यांच्या होड्या. टोकाला चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला बुरूज. जोडीदार एका घराकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं मला कोपरानं ढोसलं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांपैकी निम्म्या खिडक्या नव्हत्याच. भिंतीवर रंगानं काढलेल्या होत्या, झडपा, सावल्या, सगळं हुबेहूब. यजमान म्हणाला, इथे ही जुनी पद्धत आहे.

"खिडक्याबी खोट्या," जोडीदार मला मराठीत म्हणाला.

बुरुजावर चढलो, फोटो काढले. पण आमचं लक्ष गावापेक्षा यजमानाच्या फोनकडे जास्त. तो सारखा वाजत होता. दर वेळी तो बाजूला जाऊन, पाठ करून, हळू आवाजात बोलायचा. एकदा बोलता बोलता त्यानं आमच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा जोडीदारानं समुद्राकडे बघायचं सोंग केलं.

दुपारी त्यानं आम्हाला एका चर्चमध्ये नेलं. छताला लाकडी जहाजं टांगलेली होती, वादळातून जिवंत परतलेल्या खलाशांनी नवस फेडायला वाहिलेली. मला ते मनापासून आवडलं होतं. तेवढ्यात यजमान म्हणाला की तुम्ही निवांत बघा, मी थोड्या वेळानं येतो. आणि गेला.

"चला," जोडीदार म्हणाला.

आम्ही त्याच्या मागावर निघालो. आता सांगायला अवघड वाटतं, पण दोन पोक्त माणसं परक्या गावात भिंतीच्या कडेकडेनं, वळणावर थांबत, डोकावत चाललो होतो. बोळ इतके अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतील. त्यानं एका दुकानातून पाव घेतला. मग पायऱ्यांच्या एका गल्लीत वर चढला आणि एका ठेंगण्या दारातून आत गेला. दार उघडंच राहिलं.

आत एक खूप म्हातारी बाई खुर्चीत बसली होती. यजमान तिच्यासमोर स्टुलावर बसून पाव सूपमध्ये बुडवून तिला भरवत होता. शेजारी उभी असलेली बाई, बहुधा तिची देखभाल करणारी, त्याला काहीतरी तक्रार सांगत होती. फोन तिचेच असावेत.

म्हातारीनं आम्हाला आधी पाहिलं. मग त्यानं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मी घाईनं म्हटलं की आम्ही रस्ता चुकलो. त्याला ते खरं वाटलं असेल असं मला अजूनही वाटत नाही. तरी त्यानं आत बोलावलं. ही माझी आई, म्हणाला. एक दिवसाआड येतो, आज तुम्हीही होता म्हणून दोन्ही कामं एकत्र केली.

म्हातारीला माणसं ओळखू येत नव्हती. तिनं माझ्या जोडीदाराचा हात धरला आणि त्याला कुठल्याशा नावानं हाक मारत भराभर बोलायला लागली. तो तिच्या शेजारी टेकला आणि थेट मराठीत म्हणाला, "व्हय मावशी. व्हय." निघायची वेळ झाली तरी ती हात सोडेना. यजमानानं तिची बोटं एक एक करून सोडवली.

परतीला गाडीपर्यंत चालताना यजमान पुढं होता. मला माझीच लाज वाटत होती आणि मी तसं जोडीदाराला हळूच म्हटलं. त्यानं मान डोलावली.

"आई खरी हाय त्याची. पण म्हणून मशीन बरं झालं असं न्हाई."

सोमवारी पार्ट बरोबर आले. सगळे, अगदी मधोमध मापात. मी खूश व्हायच्या बेतात होतो, पण जोडीदार मशीनच्या मागच्या बाजूला गेला आणि कव्हरच्या स्क्रूंवर बोट फिरवून आला. त्यांवर ताजे ओरखडे होते, म्हणजे ते नुकतेच उघडलेले होते. त्यानं मला सरळ विचारायला लावलं: काल इथे कोणी काम केलं का?

यजमानानं त्या स्क्रूंकडे पाहिलं. मग म्हणाला, हो. फिटर आला होता, मशीनच्या फिरत्या दांड्याचं, स्पिंडलचं, बेअरिंग बदललं. जुनं त्यानं टेबलाच्या खणातून काढून आमच्यासमोर ठेवलं. तुम्हाला सांगणारच होतो, म्हणाला.

सांगणार होता की नाही, ते मी आजही ठरवू शकलेलो नाही. त्या वेळी मी एवढंच म्हणालो की मग ट्रायल पहिल्यापासून होईल. त्यानं वाद घातला नाही. पुढचे दोन दिवस आम्ही तिघं त्या मशीनपाशीच उभे होतो. पार्ट निघाला की मी मोजायचो, जोडीदार पुन्हा मोजायचा, आणि यजमान आमच्या हातांकडे बघत राहायचा. मधे त्याचा फोन वाजला की जोडीदार त्याला खुणेनं सांगायचा, जा, बोलून ये. आणि तो येईपर्यंत मशीन थांबवून ठेवायचा.