दुपारची मोटर

माझा धंदा वायरींचा. वायरीत करंट असतो किंवा नसतो, तिसरं काही नसतं, असं मानून आयुष्य काढलेला मी माणूस. घरात कोणी भुताखेताचं बोलायला लागलं की मी उठून अंगणात जायचो. या धाग्यावरचे बरेचसे अनुभव वाचूनही मला हसूच येतं, राग मानू नका. पण एक गोष्ट माझ्यासमोर घडली आहे, आणि ती मला अजून सोडवता आलेली नाही... म्हणून लिहितोय.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. जव्हार-मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. मी त्याआधी नाशिकला सातपूरमध्ये कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होतो. माझी बायको सुनंदा आजारपणात गेली. मूलबाळ नव्हतं. ती गेल्यावर त्या दोन खोल्यांत संध्याकाळी परत जाणं मला जमेना. एका कंत्राटदाराला गावोगावच्या नळपाणी योजनांवर ऑटोमॅटिक पॅनेल बसवायला आणि वर्षभर त्यांची देखभाल करायला माणूस हवा होता. मी लगेच हो म्हटलं आणि जव्हारला एका टेलरच्या दुकानामागे खोली घेतली. सकाळी जीप पकडून साइटवर, संध्याकाळी परत, मग खाणावळीत जेवण. खाणावळवाला ताट ठेवताना "भात आणू?" विचारायचा, आणि कितीतरी दिवस कामाशिवाय माझ्याशी कोणी बोललेलं तेवढं एकच वाक्य असायचं.

यातलं एक गाव दाभोशाच्या धबधब्याच्या अलीकडे, नदीकाठी. नाव लिहीत नाही. नदीला लागून विहीर, विहिरीवर पंपहाउस, तिथून पाणी वर टेकडीवरच्या टाकीत चढायचं आणि टाकीतून पाड्यांना जायचं. पूर्वी तिथे सोमादादा नावाचा ऑपरेटर होता. लाइट आली की बटण दाबायचं, टाकी भरली की बंद करायचं, एवढंच काम, पण त्यासाठी माणूस दिवसभर तिथे बसलेला हवा. त्या पावसाळ्यात सोमादादा वारला. त्याच्या जागी माणूस न ठेवता पंचायतीने ऑटोमॅटिक पॅनेल घ्यायचं ठरवलं, आणि मी तिथे पोचलो.

पॅनेलमध्ये मुख्य काम एका मल्टिफंक्शन टायमर रिलेचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — काडेपेटीहून थोडी मोठी डबी असते. एका बटणाने तिचं काम ठरवायचं, दुसऱ्याने वेळ. इथे काम सोपं होतं. लोडशेडिंगनंतर लाइट आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात आणि व्होल्टेज बसतं. म्हणून लाइट आल्यावर रिलेने दहा मिनिटं थांबायचं आणि मग पंप सुरू करायचा. थांबलेला असताना डबीवरचा छोटा दिवा लुकलुकतो, वेळ भरली की स्थिर होतो, 'टक' असा आवाज येतो आणि मोटर लागते. असे शेकडो रिले मी बसवलेत.

सकाळी लाइट आली की हा रिले बरोबर दहा मिनिटांनी पंप लावायचा. दुपारी मात्र लावायचा नाही. म्हणजे लावायचा, पण त्याच्या मनाला येईल तेव्हा. कधी अर्ध्या तासाने, कधी पाऊण तासाने. दिवा आपला लुकलुकत राहायचा. टाकी अर्धवट भरायची तोवर लाइट परत जायची, आणि वरच्या पाड्याला पाणी पोचायचं नाही. सरपंचांची तक्रार आली. काशिनाथदादा त्यांचं नाव, शांत माणूस, शाळेत शिपाई होते पूर्वी.

मी पहिल्यांदा व्होल्टेजवर संशय घेतला. मध्येच क्षणभर सप्लाय तुटला तर रिले पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो, हे माहीत होतं. मीटर लावून बसलो, सप्लाय अगदी सरळ. मग न्यूट्रल तपासला, सगळे स्क्रू आवळले. उन्हाने डबी तापत असेल म्हणून दार उघडं ठेवून पाहिलं. शेवटी रिलेच बदलला. नवा रिलेही तेच करायला लागला. जुना मी जव्हारला खोलीवर नेला, त्याला बल्ब जोडला आणि दुपारभर तपासला... एकदाही चुकला नाही.

मग मी त्या साइटवर रोजच दुपारी जाऊन बसायला लागलो.

दुपारी तिथे एक म्हातारी यायची. पारीबाई, सोमादादाची बायको. डोक्यावर टोपली, टोपलीत फडक्यात बांधलेल्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी. माझ्याकडे बघायची, मान हलवायची आणि पंपहाउसच्या पायरीवर बसायची. फडकं सोडून समोर ठेवायची. मग हळू आवाजात बोलत राहायची, तिच्या घरच्या बोलीत, जी मला निम्मी समजायची नाही. शेळीचं काहीतरी, कुणाच्या लग्नाचं काहीतरी. मध्येच थांबायची, समोरचा बोलत असताना आपण थांबतो तशी, आणि मग पुन्हा पुढे. माझ्याशी बोलत नव्हती, हे उघड होतं.

गावातले लोक म्हणाले की सोमादादा असताना ती रोज अशीच भाकर घेऊन यायची. एकही दिवस चुकली नव्हती. तो गेल्यावरही तिने यायचं सोडलं नाही. कोणी तिला अडवलं नव्हतं, कारण अडवण्यासारखं ती काही करत नव्हती.

पारीबाई जेवून फडकं बांधून उठायची आणि गेटबाहेरच्या उंबराच्या झाडापर्यंत पोचायची, की माझ्या मागे 'टक' व्हायचं आणि मोटर लागायची.

पहिल्यांदा मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा योगायोग म्हटलं. मग मुद्दाम लक्ष ठेवलं. ती लवकर उठली तर मोटर लवकर, ती रेंगाळली तर मोटर उशिरा. एखाद्या दिवशी लाइटच उशिरा, ती घरी गेल्यावर आली, तर रिले बरोबर दहा मिनिटांनी, शहाण्यासारखा. ती पॅनेलला हात लावत नव्हती. पॅनेलला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. पायरीवरून दिसायचं फक्त बंद दार.

एके दिवशी मी तिला विचारलं. म्हटलं, "मावशी, तुम्ही उठेपर्यंत मोटर लागत नाही. तुमच्यासाठी थांबते का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी फारच साधी गोष्ट विचारली.

"माझ्यासाठी कशाला थांबंल? तो जेवतंय अजून."

मी हातातला टेस्टर खिशात ठेवला. मग तिने समजावल्यासारखं सांगितलं, "मोटर लागली का मंग काय आयकाय येत नाय. म्हणून आधी जेवायचा, बोलायचा, मंगच बटन दाबायचा. त्याची सवयच हाय ती."

ते खरं होतं. त्या खोलीत पंप चालू असताना शेजारच्या माणसाचा शब्द कळत नसे.

मी कंत्राटदाराला यातलं काही सांगितलं नाही, सांगणार तरी काय? पण त्याने गावातल्या कोणाकडून तरी फोनवर ऐकलं की एक म्हातारी तिथे बसते, आणि त्याने सरपंचांना सांगितलं की तीच काहीतरी छेडत असणार, कंपाउंडच्या गेटला कुलूप लावा. दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप लागलं. मी आणि काशिनाथदादा आत होतो. पारीबाई आली, तिने गेट हलवून पाहिलं. बाहेर उंबराखाली जाऊन बसली. टोपली मांडीवर, फडकं सोडलं नाही.

लाइट आली होती. दिवा लुकलुकायला लागला.

आम्ही दोघं त्या दिव्याकडे बघत राहिलो. तास गेला. मी रिले काढून खिशातला दुसरा लावला, तोही तसाच. वरच्या पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन खाली आल्या, गेटबाहेर उभ्या राहिल्या. कोणी आरडाओरडा केला नाही. त्यांच्यातल्या एकीने पारीबाईजवळ बसून तिला काहीतरी विचारलं, तिने नुसतं पंपहाउसकडे बोट दाखवलं. मग मी आणखी वाट पाहिली नाही. स्विच मॅन्युअलला टाकला, म्हणजे मधला रिले वगळला, हिरवं बटण दाबलं. मोटर लगेच लागली. पाणी वर चढलं. यंत्र म्हणून पाहिलं तर सगळं ठीक होतं.

बाहेर पाहिलं तर पारीबाई उठून चालायला लागली होती. भाकर तशीच बांधलेली.

काशिनाथदादा तिच्याकडे ती वळणाआड जाईपर्यंत बघत होते. मग त्यांनी माझ्याकडून गेटची किल्ली मागितली आणि कुलूप काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं. टाकीचं पाणी आधी वरच्या पाड्याला सोडायचं आणि खालच्यांनी थोडं थांबायचं, असं ते सगळ्यांना समजावतील म्हणाले. मग पिशवी खांद्याला अडकवत म्हणाले, "सोमादादाने इतकी वर्सं गावाला पाणी पाजला. जेवायला टाइम लागला तर लागूदे ना, सायेब."

तक्रार तिथेच संपली. मला खरं तर तिथे रोज जायचं आता कारण नव्हतं. जामसरकडच्या एका योजनेचं काम पडून होतं. तरी मी दुपारची जीप दाभोशाचीच धरायचो.

पारीबाई मला एक भाकर द्यायला लागली. सोबत कधी उडदाचं कालवण, कधी नुसती मिरचीची चटणी. मी पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसायचो. मध्ये जागा सोडून. कोणी सांगितलं नव्हतं, पण मी ती सोडायचो. एकदा तिने विचारलं, घरी कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. "बायको?" मी सांगितलं. सुनंदा गेल्यापासून ते मी कोणाला नीट सांगितलंच नव्हतं... नातेवाइकांना फक्त कळवलं होतं. हॉस्पिटल, शेवटचे दिवस, तिला शेवटी माझा आवाज ओळखू येईना, हे सगळं मी त्या पायरीवर बसून बोललो. किती वेळ बोललो माहीत नाही. मागे रिलेचा दिवा लुकलुकत असणार, पण मी वळून पाहिलं नाही. माझं बोलून झाल्यावर पारीबाई म्हणाली, "तिला सांगत जा. नाय सांगितला तर तिला कसा कळंल?"

त्या दिवशी मोटर फारच उशिरा लागली. मी बोलायचा थांबलो, तिने फडकं बांधलं, तेव्हा.

उन्हाळा वाढला. नदीचं पात्र आक्रसून दगड उघडे पडले. वैशाखात एका दुपारी मी मोखाड्याच्या बाजारातून तिच्यासाठी जिलबी घेऊन गेलो होतो. तिला गोड आवडायचं. लाइट आली. मी पायरीवर नेहमीच्या जागी बसलो. ती अजून यायची होती. येईल म्हणून मी रस्त्याकडे बघत होतो.

मागे 'टक' झालं. मोटर लागली.

मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं. ती घरी गेल्यावर लाइट आली, असे दिवस सोडले, तर दुपारी तो रिले पहिल्यांदाच वेळेवर चालला होता. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. मी तोच बिघाड शोधत इतके महिने घालवले होते. मी उठलो, पंपहाउसचं दार ओढून घेतलं आणि पाड्याची वाट धरली. काय बघायला मिळणार ते चढण संपायच्या आत मला माहीत झालं होतं.

तिच्या झापाबाहेर, कुडाच्या त्या झोपडीबाहेर, माणसं बसली होती. काशिनाथदादांनी मला बाजूला घेतलं. सकाळी भाकर थापून झाली, चूल विझवली, जरा पडते म्हणाली आणि पडल्या जागी गेली. दुपारी न्यायची टोपली भरलेली होती.

मी तिथेच बसलो. मी कोण, का आलो, कोणी विचारलं नाही. कोणीतरी सरकून मला सावलीत जागा दिली. मोखाड्याहून तिची मुलगी संध्याकाळी पोचली, तोवर थांबलो.

त्यानंतर तो रिले कधीच चुकला नाही. सकाळी दहा मिनिटं, दुपारी दहा मिनिटं. पावसाळ्याआधी माझं कंत्राट संपलं आणि मी नाशिकला परतलो. इथे कोणी इलेक्ट्रिकलवाले असतील तर ते सांगतील — हार्मॉनिक्स असेल, इंडक्शन असेल, कुठल्या तरी लाइनवरचा नॉइज असेल. मीही तेच सांगितलं असतं. एका सीनियर इंजिनियरला मी हे विचारलं होतं, त्यांनी कागदावर पूर्ण सर्किट काढून पाहिलं आणि म्हणाले, असं होऊच शकत नाही. ते मला मान्य आहे. असं होऊच शकत नाही. पण कितीतरी महिने, रोज दुपारी, ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि मी शेजारी बसून जेवत होतो.