सत्यवानाचा वाटा

हरिश्चंद्राला माणसांची शिसारी यायची, आणि सरकारने त्याला नेमलं होतं माणसं सुधारायच्या कामावर. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर कोर्टाने सोडलेल्या प्रत्येक गुन्हेगारासाठी तो सावंतवाडीच्या कचेरीत बसून वेगळी योजना लिहायचा. कुणाला सुतारकाम, कुणाला लांबच्या गावातल्या मामाचं घर. गुन्हेगारांचं एकवेळ चालायचं. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या प्रतिष्ठितांचा मात्र त्याला वीट आला होता.

मिठबावचा सत्यवान गोव्याची दारू आणताना इन्सुलीच्या नाक्यावर सापडला. गिऱ्हाइकांची नावं काही त्याने कोर्टात सांगितली नाहीत. हरिश्चंद्राने त्याला वर्षभरासाठी रापणीत, किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, घातलं. रापणीचा दोर जो ओढेल त्याला वाळूवरच्या माशांत वाटा, अगदी वाटेने जाणाऱ्यालासुद्धा मूठभर. पोट भरायला याहून सरळ धंदा कुठला? देखरेखीला रापणीचा म्होरक्या आबा. शेवटच्या अहवालावर आबाची सही नसली तर सत्यवान तुरुंगात.

दर महिन्याला हरिश्चंद्र दुपारच्या गाडीने यायचा, आबाकडे जेवायचा आणि 'प्रगती समाधानकारक' लिहून परतायचा. १९६३ सालच्या त्या शेवटच्या खेपेला सकाळची गाडी मिळाली म्हणून तो थेट किनाऱ्यावर गेला.

सत्यवान शेवटपर्यंत दोर ओढत होता. वाटे पडले. देवळाकडे निघालेल्या एका म्हाताऱ्याने दोराला नुसता हात लावला, त्यालाही मूठभर तारले मिळाले. सत्यवान रिकाम्या हातांनी दोर गुंडाळत राहिला.

"ह्याचा वाटा?" हरिश्चंद्राने विचारलं. बोलली ती सत्यवानाची बायको सुगंधा.

"वर्षभर असांच आसा, साहेब. आमचो वाटो आबाच्या घराक जाता. साहेबाक जेवक घालूचा लागता म्हणतत."

बारा महिन्यांच्या जेवणांतला तळलेला सरंगा हरिश्चंद्राच्या घशाशी आला. बोटं चाटून खाल्ला होता त्याने! स्वतःच्याच जिभेची त्याला किळस वाटली.

तो तणतणत आबाकडे गेला. आबा शहाजोगपणे ओटीवर बसला होता.

"त्याला वाटा का देत नाही?"

"दारूवाल्याक वाटो दिलो तर दर्यो कोपतलो," आबा म्हणाला, आणि त्याच्या तोंडातून गोव्याच्या दारूचा भपकारा आला.

"सत्यवानाने कोर्टात तुमचं नाव घेतलं नाही, आबा."

"म्हणान तर सही करतंय!" आबा खो खो हसला. "पण आदी जेवा. उपाशी सायबाच्या कागदार मी सही करूचंय नाय."

पान वाढलं गेलं. ते उधळून द्यावं असं हरिश्चंद्राच्या मनात आलं. पण कागद अजून कोरा होता. तो पानावर बसला. आबा समोर बसून आग्रह करत होता, आणि हा एकेक घास गिळत होता. ताट रिकामं झाल्यावरच आबाने ऐटीत सही ठोकली.

परसातल्या माडाच्या बुंध्याशी हरिश्चंद्र भडाभडा ओकला. तोंड पुसून तो सुगंधाच्या दारात गेला.

"सही झाली. सत्यवान सुटला."

तिने हात जोडले. मग त्याच्या तोंडाकडे पाहत विचारलं, "जेवलास मा, साहेब?"

"जेवलो," हरिश्चंद्र म्हणाला.