कोरम नसलेलं घर

"तीन मीटिंग चुकल्या कीं जागा गेली," असं म्हणून मेंबरमामा उजव्या हाताचं बोट वर करायचे. समोर नगरपालिकेचे चेअरमन बसले आहेत आणि बोलायला परवानगी हवी आहे, असं ते बोट. समोर खरं तर भाजीची पिशवी घेतलेली मी असायची, नाहीतर एखादं मांजर.

तंजावुरात आमच्या गल्लीत जी थोडी मराठी घरं उरली आहेत त्यांतलं एक त्यांचं. मामा फार पूर्वी एकदा नगरपालिकेवर निवडून आले होते. मेंबरकी गेली, नाव तेवढं चिकटून राहिलं. संध्याकाळी ते घराबाहेरच्या ओट्यावर, म्हणजे आमच्या तिण्णैवर, पांढरी वेष्टी नेसून बसायचे. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण घाईत असलो की नेमका हाक मारणारा.

सलग तीन सभांना न आलेल्या मेंबराचं पद जातं, हा नगरपालिकेचा नियम. मामांनी तो सगळ्या जगाला लावून टाकला होता. दूधवाला आला नाही, देवळातला ओळखीचा माणूस दिसला नाही, मांजर फिरकलं नाही, की झालीच जागा रिकामी. मी एकदा तापानं पडले होते. बरी होऊन गेले तर म्हणाले, "अर्ज दे. पाहूं." मी हात जोडून तोंडी अर्ज केला. मामांनी आत जाऊन कॉफी करून आणली. ती भयंकर गोड होती. मी मुकाट्यानं प्यायले.

नियमात ही सोय होतीच. पद गेलेल्यानं अर्ज केला तर सभा त्याला परत घेऊ शकते. फक्त अर्ज त्यानं स्वतः करायचा.

मामांची स्वतःची मेंबरकी ह्याच नियमानं गेली. मामी इस्पितळात होत्या आणि मामा त्यांच्या उशाशी बसून होते. तीन सभा निघून गेल्या, घरी नोटीस आली. सोबतचे मेंबर अर्ज तयार करून घेऊन आले, मामांनी फक्त सही करायची होती. त्यांनी ती केली नाही. मी कुठे होतो ते साऱ्या गावाला ठाऊक आहे, मग मागायचं काय, असं त्यांचं म्हणणं. मामी काही परत आल्या नाहीत. मेंबरकीही नाही.

मुलगा कोइमतूरला नोकरीला. मामी गेल्यावर त्यानं घर विकून आपल्याकडे या म्हटलं आणि त्यावरून दोघांचं बिनसलं. तेव्हापासून त्यानं तंजावुरात पाऊल ठेवलं नव्हतं. पोंगलला गल्लीभर पाहुणे यायचे. मामा त्या दिवशी तिण्णैवर बसत नसत, दार लावून आत असत.

मी एकदा थट्टेनं म्हटलं, म्हणजे मुलाचीही जागा गेली तर. म्हटल्याबरोबर जीभ चावली.

मामांनी बोट वर केलं नाही. "जागा गेली हें सभेंत वाचून दाखवावं लागतं," ते म्हणाले. "सभेला कोरम पाहिजे. निदान इतके जण हजर पाहिजेत, नाहीं तर सभाच होत नाहीं. ह्या घरीं मी एकटा. कोरम कोठें आहे?"

मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं आणि रागही आला. इतका राग की मी विचारून टाकलं, "मामा, तुम्ही किती वेळा गेलात त्याच्याकडे?"

त्यांनी आठवून पाहिलं. गृहप्रवेशाला बोलावणं होतं, गेले नाहीत. नातीच्या बारशाला नाही. तिच्या पहिल्या वाढदिवसालाही नाही. मोजता मोजता ते थांबले आणि उठून आत गेले. मी रिकाम्या तिण्णैकडे पाहत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्या दारात. कुणाच्या घरी न जाणारा हा माणूस. मुलाचा नंबर लावून द्यायला सांगितलं. फोन कानाला लावून ताठ उभे राहिले, आणि बोट आपोआप वर गेलं.

"मी बोलतों. माझ्या तीन मीटिंग चुकल्या रे. अर्ज करतों आहें."

पलीकडून मुलगा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मामा बराच वेळ नुसते ऐकत होते. मग त्यांनी फोन वेष्टीच्या टोकानं पुसून माझ्या हातात दिला.

त्याच आठवड्यात मुलगा गाडी घेऊन आला. दाराला कुलूप लावताना मामांनी ते दोनदा ओढून पाहिलं. मी गाडीपाशी उभी होते. ते म्हणाले, "पोंगलला येतों." मुलगा तमिळमध्ये म्हणाला, बघू.

त्यानंतर काही पोंगल येऊन गेले, मामा आले नाहीत. मामांचा फोन येतो, आवाज बारीक झाला आहे, नात मागे ओरडत असते. ते सुखात आहेत आणि मला त्याचा खरंच आनंद आहे. पण बाकीच्या मराठी घरांत आता तमिळच चालतं, माझ्याशी मराठीत बोलणारं गल्लीत कोणी नाही. संध्याकाळी परतताना मी पिशवी ठेवून त्यांच्या तिण्णैवर जराशी टेकते. किती मीटिंग चुकल्या, मी मोजत नाही. मी एकटीच असते, कोरम होत नाही. मामांची जागा आहे तशी आहे.