नळी धुतली का, बाई?

असोद्याचे नाना दारात उभे राहिले की खोलीतून बाहेर पडायची सोय नसे. दोन्ही हात चौकटीला, टोपी मागे सरकलेली, आणि एकच प्रश्न : "नळी धुतली का, बाई?" नुसतं 'हो' म्हणून भागत नसे, रिकामी सिरिंज दाखवावी लागे. मग कुठे एक हात खाली येई. आम्ही नर्सेसनी त्यांचं नाव 'फाटक' ठेवलं होतं.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं असतील. जळगावातल्या एका खासगी बालरुग्णालयात मी नवीनच लागले होते. नानांची नात रेखा चार वर्षांची. आतड्याला पीळ पडला आणि जवळजवळ सगळं लहान आतडं काढून टाकावं लागलं. खाल्लेलं अंगी लागेना, म्हणून छातीजवळच्या मोठ्या शिरेत बारीक नळी घालून तिथूनच तिला अन्न द्यायचं. उरलेलं आतडं कामाला लागेपर्यंत असंच. किती महिने, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. आई घरी बाळंतीण, बाप केळीच्या बागेत. रेखा सलाइनच्या स्टँडला बांधलेली आणि नाना रेखाला. खिडकीला जाळी होती. "पिंजऱ्यातला पोपट मिरची तरी खाते," असं नाना एकदा म्हणाले, तर पोरगी पटकन म्हणाली, "मले बी द्या." नाना तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले.

पहिली नळी माझ्या हातून बंद पडली. तिच्यातून तपासणीचं रक्त घेतलं की ती लगेच सलाइनने धुवायची असते. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून हाक आली, आणि मी 'आलेच' म्हणून गेले. परत येईपर्यंत आत रक्त गोठलं होतं. गुठळी विरघळवायचं औषध भरून पाहिलं, पण ती उघडली नाही. पुण्याहून सर्जन आले, त्यांनी दुसऱ्या बाजूने नळी घातली आणि जाताना बजावलं, ही गेली तर पुढची जागा मिळणं कठीण आहे.

मी नानांना खरं काय ते सांगितलं. ते ओरडतील म्हणून मान खाली घालून उभी होते. ते म्हणाले, "बाई, आमच्या केळीत ठिबक हाये. नळीचं तोंड बुजलं तं झाड सांगत नही, वाळल्यावर सांगते. म्हनून पानी चालू हाये तव्हाच नळी धुवाची." दुसऱ्या दिवसापासून ते दारात.

मी फार वैतागायचे. भाऊबिजेच्या दुपारी बोदवडहून माझा भाऊ आला होता, खाली ताटकळत होता. रेखाला औषध देऊन मी निघाले, तर दारात फाटक बंद.

"नाना, भाऊ थांबलाय हो!"

"भाऊ थांबला तं चालते, बाई. रक्त थांबलं तं नही चालत."

खरंच, औषधानंतर नळी धुवायची राहिली होती. धुतली, पण डोकं तापलं होतं. "मी काय तुमची कैदी आहे?" असं तोंडातून गेलंच.

"आपुन तिघं बी हाओत," ते म्हणाले आणि बाजूला झाले. मला स्वतःची लाज वाटली.

ती नळी सात महिने एकदाही बंद पडली नाही. बंद पडलं ते रेखाचं यकृत; महिनोन्महिने शिरेतून दिलेलं अन्न त्याला झेपलं नाही. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोट फुगलं, आणि होळीनंतरच्या एका सकाळी ती गेली.

नळी मीच काढली. सवयीने हात सिरिंजकडे गेला आणि त्या निरुपयोगी नळीतून मी सलाइन सोडलं. बारीक धार ट्रेमध्ये सरळ पडली. नाना वाकून बघत होते.

"चालूच हाये," ते म्हणाले. "बाई, तुमचा दोष नही."

मग ते दारापाशी गेले. मला वाटलं, आता विचारतील. पण ते चौकटीला पाठ लावून, वाट सोडून उभे राहिले.

"जा आता. तुमी सुटल्या."

सात महिने मी त्या दारातून निसटायला बघत होते. त्या दिवशी दार सताड उघडं होतं, आणि माझा पाय उचलत नव्हता.